उत्तर येईपर्यंत: देवाची वाट पाहण्याचा रोजचा परिपाठ

लग्न जमत नाही. मूल होत नाही. बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय. मुलगा दारू सोडत नाही. प्रार्थना करून महिने, कधी वर्षं लोटलेली असतात. मंडळीत कुणापाशी मन मोकळं केलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: "धीर धरा, देवाची वेळ असते." हे खरं आहे. पण धीर धरायचा म्हणजे उद्या सकाळी उठून काय करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. बायबलमध्ये मात्र त्याचं बरंच बारीक मार्गदर्शन आहे. ते घरात, रोजच्या धबडग्यात कसं बसवायचं ते इथे दिलं आहे. तुम्ही कॅथलिक असा, प्रोटेस्टंट असा, यातलं जवळजवळ सगळं दोघांनाही चालेल.

आधी थांबलेली कामं सुरू करा

यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन अनेक ख्रिस्ती घरांत भिंतीवर असतं: तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, असं देव सांगतो. पण ते वचन ज्या पत्रात आहे ते पत्र सहसा कुणी पूर्ण वाचत नाही. इ.स.पू. ५९७मध्ये यरुशलेमेतून बाबेलला नेलेल्या बंदिवानांना ते पाठवलेलं आहे. त्यांना घरी परतायची घाई होती. हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं छातीठोक सांगत होता. यिर्मयाने मुदत सांगितली सत्तर वर्षांची. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी कित्येक जण परतीचा दिवस पाहणारच नव्हते. आणि तोवर काय करायचं, तेही त्याने लिहिलं: घरं बांधा, राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

फळझाड लावणारा माणूस काही वर्षांचा हिशेब धरून लावतो. म्हणून पहिलं काम हे: एक कागद घ्या आणि "हे झालं की मग" म्हणून आपण काय काय अडकवून ठेवलंय ते लिहा. नोकरी लागली की डॉक्टरांना दात दाखवू. व्हिसा आला की मुलीला क्लास लावू. लग्न ठरलं की घराला रंग देऊ. बाळ झालं की आईकडे जाऊन राहू. यादी झाली की तिच्यातली तीन कामं निवडा, जी उत्तर यायच्या आधीही करता येतील, आणि त्यातलं एक या आठवड्यात करा. हा देवावरचा अविश्वास नाही. उलट सगळं आयुष्य एका मागण्याला टांगून ठेवलं की ते मागणंच हळूहळू देवाच्या जागी बसतं, आणि प्रार्थना करताना आपल्याला ते कळतही नाही.

मागणं एका वाक्यात, मुदत वेगळी

खूप दिवस प्रार्थना केली की मागण्याला शाखा फुटतात. मूळ काय मागत होतो तेच धूसर होतं. म्हणून ते एका वाक्यात लिहा: "प्रभू, माझ्या मुलाची दारू सुटू दे." एवढंच. "ईस्टरच्या आत", "त्याच्या बापासमोर माझी मान ताठ राहावी म्हणून", "नाहीतर मी चर्चला येणार नाही" हे सगळं त्या वाक्याच्या बाहेर काढा. ते मनात असेल तर लपवू नका, पण खाली वेगळ्या ओळीत लिहा. मागणं कोणतं आणि अट कोणती हे आपल्याच अक्षरात वेगळं दिसलं की पुष्कळ गुंता सुटतो.

तेच वाक्य रोज म्हणायला संकोच वाटू देऊ नका. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्या खेपेलाही तेच शब्द उच्चारले, असं मत्तय २६:४४मध्ये स्पष्ट म्हटलंय. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. लूक १८मधली विधवा न्यायाधीशाच्या दारी येतच राहिली. पुन्हा पुन्हा मागणं म्हणजे विश्वास कमी असणं, ही शिकवण बायबलमधली नाही.

काही गोष्टींना खरीच मुदत असते: अर्जाची शेवटची तारीख, डॉक्टरांनी सांगितलेला दिवस, कोर्टाची तारीख. त्या तारखा आपल्या कामाच्या यादीत ठेवा. देवाच्या यादीत घालू नका.

वही

हबक्कूक हे जेमतेम तीन अध्यायांचं पुस्तक वाट पाहणाऱ्याने मुखोद्गत करावं असं आहे. संदेष्टा आधी तक्रार करतो: मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? मग तो पहाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो. आणि त्याला पहिली आज्ञा मिळते ती लिहिण्याची: दर्शन पाट्यांवर स्पष्ट लिही, विलंब लागला तरी वाट पाहा.

शाळेची शंभरपानी वही पुरे. डाव्या पानावर तारीख, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं जे स्तोत्र वाचलं त्याचा क्रमांक आणि मागण्याचं ते एक वाक्य. उजव्या पानावर आज आपल्या हातात असलेलं एक काम: "रक्ताचा रिपोर्ट आणायचा", "मामांना फोन", "फॉर्मच्या दोन झेरॉक्स". दिवसाला चार ओळींच्या वर जाऊ नका. पानंच्या पानं भावना ओतल्या की आठवड्याभरात वही उघडायचीच भीती वाटू लागते आणि सगळा परिपाठ तिथेच बंद पडतो. मोकळं रडायला जागा हवीच, ती पुढे येते. मोबाइलवर लिहू नका. सकाळी फोन हातात घेतला की प्रार्थनेआधी व्हॉट्सअ‍ॅप उघडतं, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

रविवारी उपासनेहून किंवा मिस्सेहून आल्यावर मागची सात पानं वाचा. उत्तर शोधू नका. उजव्या पानावरची किती कामं झाली आणि त्यात कुणाकुणाची मदत मिळाली, एवढंच बघा. देवाचं उत्तर दिसलं नाही तरी त्याची माणसं दिसू लागतात.

रोजची वीस मिनिटं

वेळ ठरलेली हवी. सकाळी पाणी भरायच्या आधी, किंवा रात्री सगळे झोपल्यावर. अडीच तास लोकलने जाणाऱ्याला वीस मिनिटं एकत्र मिळत नसतील तर दहा-दहा करा. पण रोज तीच जागा, तीच खुर्ची असेल तर मन लवकर बसतं.

पहिली दोन मिनिटं काहीच बोलू नका, नुसतं बसा. मग सहा-सात मिनिटं स्तोत्र, मोठ्याने, किमान ओठ हलवून. घरात माणसं असतील तर कुजबुजत. डोळ्यांनी वाचलेलं स्तोत्र मन सहज निसटून जाऊ देतं, तोंडाने म्हटलेलं तसं जात नाही. एकच स्तोत्र आठवडाभर घ्या. रोज नवीन घेण्याचा मोह टाळा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा येईल, तो येऊ द्या. त्यानंतरच ओळी बसस्टॉपवर, भाजी चिरताना आपोआप ओठांवर येऊ लागतात, आणि वाट पाहण्याचा खरा वेळ तोच तर असतो.

कुठलं स्तोत्र घ्यायचं ते त्या आठवड्याच्या मनःस्थितीवर ठरवा. संतापलेले असाल तर १३. भीती वाटत असेल तर २७. त्याचा पहिला अर्धा भाग ठाम विश्वासाचा आणि दुसरा अर्धा गयावया करण्याचा, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी. इतरांचं सगळं सुरळीत चाललेलं पाहून जळफळाट होत असेल तर ३७. स्वतःच्याच चुकीचे परिणाम भोगत असाल तर १३०, कारण त्यात वाट पाहण्याआधी क्षमेची गोष्ट येते. मन स्वतःशीच वाद घालत असेल तर ४२ आणि ४३ एकत्र: हे जिवा, तू का खिन्न झालास, हा प्रश्न तिथे तीनदा येतो, म्हणजे एकदा विचारून भागत नाही. बोलायचं त्राण उरलं नसेल तर ६२.

स्तोत्र १३ जरा थांबून पाहू. अवघी सहा वचनं. पहिल्या दोन वचनांत "कुठवर?" हा सवाल चार वेळा. पुढच्या दोनांत मागणं. शेवटच्या दोनांत विश्वास आणि गाणं. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये परिस्थिती बदलल्याचा एक शब्दही नाही. शत्रू तिथेच आहे, उत्तर आलेलं नाही. बदललं आहे ते एवढंच, की तक्रार पोटात न राहता देवाच्या पुढ्यात मांडून झाली. त्याच साच्यावर स्वतःचं विलापस्तोत्र लिहा: चार "कुठवर", एक मागणं, देवाने पूर्वी केलेली एक आठवण, आणि पुढे काय करणार ते एक वाक्य. मूल होण्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीचं असं काहीतरी होईल:

"प्रभू, कुठवर दर महिन्याला आशा धरायची आणि दर महिन्याला रडायचं? कुठवर प्रत्येक बारशाला हसऱ्या चेहऱ्याने जायचं? कुठवर 'काही गोड बातमी?' या प्रश्नाला मान खाली घालायची? कुठवर तू माझ्याशी बोलणार नाहीस? आम्हाला मूल दे. माझे बाबा आजारी होते तेव्हा तू रात्रभर माझ्याजवळ होतास, ते मी विसरलेले नाही. या रविवारी मी गायनवृंदात उभी राहीन, आवाज फुटला नाही तरी."

हे लिहिताना देवाशी असं बोलणं चालतं का, अशी भीती वाटते. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं डझनावारी आहेत आणि मंडळीने ती हजारो वर्षं उपासनेत म्हटली आहेत. सगळ्यात मोठी चूक उलट बाजूने होते: तक्रार गिळून लगेच स्तुतीवर उडी मारणं. गिळलेली तक्रार मग घरच्यांवर निघते, किंवा चर्चला जाणंच सुटतं.

काही दिवस असे असतात की विश्वासाचं शेवटचं वाक्यही लिहवत नाही. त्या दिवसांसाठी स्तोत्र ८८ आहे. अठरा वचनं, आणि शेवट अंधारात. त्यात कुठेही वळण येत नाही. तरी ते बायबलमध्ये आहे, आणि सुरुवातीलाच देवाला "माझ्या उद्धारक देवा" अशी हाक आहे. त्या दिवशी तेवढंच म्हणा, पुस्तक मिटा, उठा. तुमची प्रार्थना पूर्ण झाली.

स्तोत्रानंतर वहीतलं वाक्य एकदा म्हणा. मग पाच मिनिटं शांतता. पाय जमिनीला टेकवून बसा, फोन दुसऱ्या खोलीत. श्वासाबरोबर एक लहानसं वाक्य मनात धरा: "प्रभू, मी इथे आहे." मन पळेल, पळालं की पुन्हा त्या वाक्यावर या, स्वतःला बोल न लावता. डोळे मिटल्यावर छाती धडधडत असेल तर उघडे ठेवा आणि क्रुसाकडे किंवा खिडकीबाहेर बघा. स्तोत्र १३०मध्ये पहारेकरी पहाटेची वाट पाहतात ती ओळ मुद्दाम दोनदा आहे. पहारेकरी पहाट आणू शकत नाही. त्याचं काम जागं राहायचं. या पाच मिनिटांत तुमचंही काम तेवढंच.

शेवटी प्रभूची प्रार्थना, सावकाश, आणि उजव्या पानावर आजचं काम लिहून उठायचं. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, रोजच्या रोज गोळा करायचा होता. साठवलेल्याला किडे पडले.

थकल्यावर माणसं कुठे घसरतात

बायबलमध्ये वाट पाहणं मोडल्याच्या तीन मोठ्या गोष्टी आहेत. मोशे चाळीस दिवस डोंगरावर राहिला, लोकांना करमेना, त्यांनी सोन्याचं वासरू ओतून त्याची पूजा केली. शौल राजा गिलगालात संदेष्टा शमुवेलासाठी सात दिवस थांबला, माणसं पांगायला लागली, त्याने स्वतःच होमबली अर्पण केला. अर्पण संपतंय तोच शमुवेल आला. तिसरी गोष्ट अब्राहाम आणि सारेची. संततीचं वचन मिळून देश सोडला तेव्हा अब्राहाम ७५ वर्षांचा होता. इश्माएल झाला तेव्हा ८६, इसहाक झाला तेव्हा १००. मधल्या त्या अधीर टप्प्यावर त्यांनी हागारेचा उपाय काढला: दासी हागारेकडून अब्राहामाला मूल, तोच इश्माएल. त्या उपायाची किंमत कुणी मोजली? अब्राहामाने नाही, सारेनेही नाही. घरातल्या दासीने मोजली, वाळवंटात लेकरू घेऊन.

म्हणून आडवाट दिसली की एकच प्रश्न विचारा: याची किंमत कोण मोजणार? आपल्याकडे दारुड्या मुलाच्या बाबतीत "लग्न करून द्या, सुधारेल" हा सल्ला सर्रास दिला जातो, प्रार्थनेच्या गटातही. तो उपाय हागारेचाच आहे. किंमत मोजते ती दुसऱ्याच्या घरातली मुलगी.

याखेरीज रोजच्या घसरणी. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपलं उत्तर मानायचं: हे करू नका. त्यातून आपल्याला हवं तेच निघेपर्यंत माणूस पानं उलटत राहतो. "प्रभूने मला तुमच्याबद्दल सांगितलंय" असं म्हणत तारखा देणाऱ्यांपासून सावध राहा, आणि त्यासोबत पैसे मागितले तर तिथून उठाच. यिर्मयाच्या त्याच पत्रात, ११व्या वचनाच्या जरा आधी, लवकर सुटकेची स्वप्नं विकणाऱ्या संदेष्ट्यांचं ऐकू नका असं लिहिलंय.

औषध बंद करून विश्वास सिद्ध करायचा नसतो. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने वडीलमंडळींना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं सांगितलंय. वैद्य टाळा असं तिथे कुठेही नाही. इन्शुलिन, फिटची गोळी, रक्तदाबाची किंवा मानसिक आजाराची औषधं डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय थांबवली तर जिवावर बेतू शकतं.

नवरा सुधारेल म्हणून मार खात राहणं, याला देवाची वाट पाहणं म्हणत नाहीत. त्याच्या बदलासाठी सुरक्षित ठिकाणी राहूनही प्रार्थना करता येते. महिलांसाठी १८१ हा मदतक्रमांक आहे. पाळकांनी किंवा फादरनी "सहन कर, क्रूस वाहा" असं सांगितलं तरी आधी घराबाहेर पडा, मग दुसऱ्या कुणाशी बोला.

आणि उदासीची एक हद्द असते. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. संदेष्टा एलिया मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, मग पुन्हा खाऊ घातलं. उपदेश केला नाही.

निर्णयांबद्दल लोयोलाच्या संत इग्नेशियसने घालून दिलेला नियम सोन्यासारखा आहे: मन कोरडं, अंधारलेलं असताना, शांत मनाने आधी घेतलेला निर्णय बदलू नये. अशा आठवड्यात राजीनामा देऊ नका, नातं तोडू नका, मंडळी सोडू नका. प्रार्थना थोडी वाढवा आणि थांबा.

एकट्याने वाट पाहू नका

येशूने शिष्यांना पवित्र आत्मा येईपर्यंत यरुशलेमेत थांबायला सांगितलं. स्वर्गारोहणापासून पन्नासाव्या दिवसापर्यंतचे ते दहा दिवस. सुमारे १२० जण होते. ते एकत्र प्रार्थना करत होते आणि त्याच दिवसांत यहूदाच्या रिकाम्या जागी मत्थियाला निवडण्याचं कामही त्यांनी उरकलं. कॅथलिकांच्या नोव्हेनाचं, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचं, मूळ याच प्रतीक्षेत सांगितलं जातं. मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला सगळ्या धर्मांची माणसं येतात. नोव्हेनाचा उपयोग हा, की तो मागण्याला दिवस, वेळ आणि सोबत देतो. बिनसतं कुठे, तर नऊ वेळा गेलो म्हणजे दहाव्याला माल मिळालाच पाहिजे, असा हिशेब मनात शिरतो तिथे. नोव्हेना संपला आणि उत्तर नाही आलं, तर नवीन लगेच सुरू न करता दोन आठवडे नुसत्या आभाराच्या प्रार्थनेत काढा.

केडगावला पंडिता रमाबाईंनी १९०५च्या सुरुवातीला मुक्ती मिशनमध्ये रोज सकाळी एकत्र प्रार्थनेचा गट सुरू केला. सुरुवातीला सत्तरेक जणी होत्या. संजीवन, म्हणजे सगळ्यांमध्ये एकाएकी आलेली आध्यात्मिक जाग, आलं ते जूनच्या अखेरीस. मधले महिने कोणताही चमत्कार न दिसता, रोज सकाळी जमण्याचे होते. मिशनचं शिक्षण, शेती, स्वयंपाक चालूच होतं.

तुमचा गट लहान ठेवा, दोन किंवा तीन जणांचा. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, वार ठरलेला. आधी प्रत्येकाने आपलं वाक्य सांगायचं, मग एक स्तोत्र, मग एकमेकांसाठी प्रार्थना. सल्ला द्यायचा नाही, विचारला तरच. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: इथलं बाहेर जाणार नाही. "प्रार्थनाविषय" म्हणून मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेल्या गोष्टीची दुपारपर्यंत चर्चा झालेली असते, आणि ज्याचं दुःख असतं तो माणूस त्यानंतर कधीच तोंड उघडत नाही. कुणासाठी जाहीर प्रार्थना मागायची असेल तर आधी त्याला विचारा.

भेटायला जाणाऱ्यांसाठी: सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तुम्ही अर्धा तास बसा, डबा घेऊन जा, हॉस्पिटलची एक पाळी घ्या. "माझ्या बहिणीला तर तीन महिन्यांत उत्तर मिळालं" ही साक्ष त्या दिवशी सांगू नका.

उपास करणार असाल तर आठवड्यातून एक जेवण सोडा, पाणी भरपूर प्या, वाचलेले पैसे गरजूला द्या. मधुमेही, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण सोडू नये. त्याऐवजी एक दिवस टीव्ही, रील किंवा चहा बंद.

चर्चचं वर्ष हाताशी आहे

वाट पाहण्याचा सराव करायला मंडळीने दरवर्षी दिवस राखून ठेवले आहेत. आगमनकाळ नाताळाआधीच्या चार रविवारांचा. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, म्हणून हा काळ कधी २२ तर कधी २८ दिवसांचा भरतो. २०२६मध्ये तो २९ नोव्हेंबरला सुरू होतो. घरात ताटलीत हिरवी पानं ठेवून चार मेणबत्त्या लावा आणि दर रविवारी एक वाढवत न्या. अडचण एकच: करंज्या, कुलकुल, खरेदी, कंदील यांत डिसेंबर निघून जातो. फराळाच्या कामातच मुलांना लूकच्या दुसऱ्या अध्यायातले शिमोन आणि हन्ना सांगा. दोघंही म्हातारी, दोघंही वाट पाहत राहिलेली, आणि मंदिरात समोर आलं ते एक लहान लेकरू.

पवित्र शनिवारकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. शुक्रवारी चर्च भरतं, रविवारी भरतं, मधला दिवस रिकामा. पण उत्तर न मिळालेल्या माणसाचा दिवस हाच आहे. येशू कबरेत, शिष्य भेदरलेले, उद्या काय होणार ते कुणालाच माहीत नाही. लूक सांगतो की स्त्रियांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथ पाळून विसावा घेतला. त्या दिवशी दुपारी तासभर घरात शांत बसा. वहीतलं वाक्य समोर ठेवा आणि काहीच मागू नका.

उत्तर आलं की

हवं ते मिळालं तर आधी आभार, मग फोन. घाईत उलट होतं. स्तोत्र ४० काढा: सुरुवात, मी वाट पाहिली आणि त्याने ऐकलं. पण शेवटचं वचन पाहा, तिथे पुन्हा "विलंब करू नकोस" अशी विनवणी आहे. एक उत्तर मिळालं की आयुष्यातलं वाट पाहणं संपत नाही, आणि त्यात काही चुकलंय असं नाही. साक्ष सांगणार असाल तर अजून वाट पाहणारी माणसं समोरच्या बाकांवर बसलेली असतात हे लक्षात ठेवून सांगा. "मी विश्वास ठेवला म्हणून मिळालं" असं म्हटलं की त्यांना ऐकू येतं ते एवढंच, की तुमचा विश्वास कमी पडला.

नकार आला, दार बंद झालं, माणूस गेला, तर त्या आठवड्यात दुसरं मागणं मांडू नका. दावीदाने आजारी लेकरासाठी सात दिवस उपास केला. ते गेल्यावर तो उठला, आंघोळ केली, परमेश्वराच्या घरात जाऊन नमन केलं आणि आपल्या घरी येऊन जेवला. दुःख संपलं नव्हतं, पण विनवणी संपली होती. तुम्हीही विनवणी थांबवून शोकाला वेळ द्या, स्तोत्र ८८ला वेळ द्या. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय, १८ ते २७ वचनं, या दिवसांत रोज वाचा. तिथे सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि शब्द सुचेनासे झाले की आत्माच आपल्यासाठी मध्यस्थी करतो. ख्रिस्ती माणसाची आशा शेवटी या एका मागण्यावर टांगलेली नाही. ती ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर आणि आपल्या शरीरांच्या मुक्तीवर आहे, म्हणून नकारानंतरही ती उरते. पण हे वाक्य ज्याचं दुःख त्याने म्हणायचं. इतरांनी त्याला सुनवायचं नाही.

आणि जे तुमच्यासाठी प्रार्थना करत होते त्यांना कळवायला विसरू नका, उत्तर काहीही असलं तरी. गटातल्या एकाला सांगा, बाकीच्यांना त्याने सांगावं. नाहीतर पुढचे सहा महिने दर रविवारी चर्चच्या फाटकाशी कुणी ना कुणी विचारत राहील, "काय, काही बातमी?"